वाड्यातलं हॉटेल, तीन रात्री आणि हळद्या

प्रश्न : आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. आमचा बोका हळद्या चार वर्षांचा आहे. नसबंदी झालेली आहे, वजन साडेपाच किलो, घराबाहेर कधी पडलेला नाही. नोव्हेंबरअखेर साताऱ्यात भाचीचं लग्न आहे, तीन रात्री राहायचंय. राजवाड्याजवळच्या एका जुन्या वाड्याचं छोटेखानी हॉटेल केलंय, तिथली माडीवरची खोली पसंत पडली. शिसवी पलंग, कोरीव कपाट, खिडक्यांना जुने गज. मालक म्हणाले, "मांजर चालेल, पण ५००० डिपॉझिट, आणि फर्निचरला ओरखडा आला तर भरपाई." मला त्या ओरखड्यांचीच धास्ती आहे. शेजारचे सगळे लग्नाला येणार. मागे एकदा त्याला बोर्डिंगमध्ये ठेवलं तर दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. न्यावं का? नेलं तर काय बघावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, ओरखड्यांवर तोडगा आहे आणि तो स्वस्त आहे, त्याकडे नंतर येऊ. जुन्या वाड्यात मांजराच्या जिवावर बेततं ते फटींमुळे, उंदराच्या औषधामुळे आणि फिनेलमुळे. शिवाय हळद्या बोका आहे. मांजरीपेक्षा बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते आणि ताण आला की ती तुंबू शकते. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

न्यावं का, याला आमचं एरवीचं उत्तर 'नको' असं असतं. मांजराचा जीव माणसांइतकाच जागेत अडकलेला असतो. तीन रात्रींसाठी ओळखीचं कुणी दिवसातून दोनदा घरी येऊन खाणं-पाणी आणि शी-शूचा ट्रे बघत असेल, तर त्यासारखं काही नाही. तुमच्याकडे तसं कुणी नाही, आणि बोर्डिंगमध्ये त्याने उपास धरला. जाड मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर अंगातली चरबी यकृतात साठायला लागते, आणि ते दुखणं महागात पडतं. तेव्हा न्या. फक्त माडीवरची खोली आजच बदलून घ्या.

माडीवर लाकडी तुळया आणि कौलं असतात. भिंतीचा माथा आणि वासे यांच्या मधे हवेसाठी सोडलेली फट असते, आणि मांजर कपाटावरून तुळईवर, तुळईवरून त्या फटीत जातं. तिथून पुढे शेजारच्या वाड्याचं छप्पर. बऱ्याच ठिकाणी हॉटेल करताना खाली नवी तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचं छत, ठोकतात, पण कोपऱ्यातली एखादी फळी सैल असते. तिच्यामागे गेलेलं मांजर काढायला सुतार बोलवावा लागतो. चौकावरच्या सज्जाचे कठडे माणसांसाठी असतात, त्यांच्या नक्षीच्या भोकांतून बोका आरामात खाली जातो.

तळमजल्यावरची, दिंडी दरवाजापासून लांबची, कोपऱ्यातली खोली मागा. भिंती जाड, आवाज कमी, आणि पडलाच तर पडायला उंची नाही. तोटा एकच, मागच्या बोळातले गावबोके खिडकीशी येऊन मूत मारतात आणि आतला बोका चवताळतो. त्याला उपाय सोपा आहे, खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला आतून पुठ्ठा लावायचा.

मालकांना फोन करून आणखी चार गोष्टी विचारा, आणि उत्तरं व्हॉट्सअपवर लिहून घ्या. 'चालेल' हा शब्द फार ऐसपैस असतो.

पहिलं, उंदरांसाठी काय ठेवता आणि कुठे? जुन्या पेठेत उंदीर नाहीत असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. निळ्या-गुलाबी वड्या किंवा केक असतील तर त्यात बहुधा ब्रोमॅडिओलोन असतं. त्याने रक्त गोठणं थांबतं, आणि लक्षणं दिसायला तीन ते पाच दिवस लागतात. म्हणजे साताऱ्यात वडी चाटलेला बोका सांगलीत परतल्यावर मलूल होईल, हिरड्या पांढऱ्या पडतील, आणि लग्नात काय झालं असेल हे कुणाला सुचणारही नाही. वेळेत कळलं तर के-१ जीवनसत्त्वाने मांजर वाचतं. औषध खाऊन मेलेला किंवा झिंगलेला उंदीर पकडला तरी धोका आहेच. आजूबाजूला ठेवलेल्या वड्या आठवडाभर आधी उचलून घ्यायला सांगा. चिकट सापळ्यांचंही विचारा, लांब केसांच्या मांजराला त्यातून सोडवताना कातडी निघते.

दुसरं, फरशी कशाने पुसता? पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होणारं कुठलंही फिनेल मांजराला घातक. आपल्या यकृताला हे पदार्थ निकामी करता येतात, मांजराच्या यकृताला ते जमत नाही. मांजर ओल्या फरशीवर चालतं आणि मग पंजे चाटतं, विष थेट पोटात. लाळ गळणं, लटपटणं ही पहिली लक्षणं. 'तुमच्या खोलीत तीन दिवस साधं पाणी आणि थोडा भांडी धुण्याचा साबण, बाकी काही नाही' असं स्पष्ट सांगा. निलगिरीचं तेल, कापराच्या डब्या, सुगंधी तेलाचे दिवे खोलीतून काढायला लावा. फडताळातल्या डांबरगोळ्याही. वाड्याच्या भिंतीतलं फडताळ म्हटलं की एका कोपऱ्यात दोन डांबरगोळ्या आल्याच, आणि मांजर लपायला पहिल्यांदा तिथेच शिरणार.

तिसरं, सफाईवाल्यांकडे खोलीची दुसरी किल्ली असते का? असली तर तुम्ही खोलीत असतानाच सफाई. चौथं, हॉटेलची स्वतःची मांजरं-कुत्री चौकात फिरतात का? फुलदाणीचंही त्याच दमात सांगून टाका. लग्नाचे पाहुणे म्हणून कुणी लिलीचा गुच्छ ठेवला तर तो खोलीत येताच बाहेर काढायचा. खऱ्या लिलीचं एखादं पान किंवा अंगावर सांडलेला पराग चाटला तरी मांजराची किडनी जाते.

आता तयारी. लग्नाला तीन आठवडे असतील तर मांजर न्यायचा कॅरिअर आजच हॉलमध्ये उघडा ठेवा, आत त्याची चादर, आणि रोजचं एक जेवण आतच. कापडी पिशवी नको, टणक प्लॅस्टिकचा, वरूनही उघडणारा घ्या. साडेपाच किलोच्या बोक्याला साधारण ५० सेंटिमीटर लांब आणि ३३ रुंद-उंच असा लागतो, आत उभं राहून वळता आलं पाहिजे, बस. त्याहून मोठ्या कॅरिअरमध्ये वळणावर घसरत जातो.

डॉक्टरांकडे एकदा जाऊन या. रेबीजची आणि तिहेरी लस चालू आहे का बघा, दाखल्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. गाडीत सतत ओरडणारा किंवा लाळ गाळणारा असेल तर गॅबापेन्टिन या मांजराला शांत करणाऱ्या औषधाबद्दल विचारा. ते प्रवासाच्या दोनेक तास आधी देतात, मात्रा डॉक्टरच ठरवतील, आणि सुट्टीच्या दिवशी घरी एकदा देऊन बघायचं. काही मांजरं त्याने इतकी लटपटतात की ते घरातच कळलेलं बरं. माणसांच्या झोपेच्या गोळ्या नकोत. पॅरासिटामॉल तर कधीच नको, अर्ध्या गोळीनेही मांजर मरू शकतं. आणि डॉक्टरांकडूनच साताऱ्यातल्या छोट्या प्राण्यांच्या एका डॉक्टरांचा नंबर घेऊन ठेवा, रविवारी आणि रात्री कोण असतं तेही विचारा. पशुवैद्यकीय महाविद्यालय सातारा जिल्ह्यातच, शिरवळला आहे, पण ते खंबाटकीच्या पलीकडे. अडल्या बोक्याला घेऊन रात्री घाट ओलांडायची वेळ यायला नको.

प्रवास गाडीनेच करा. रेल्वेत मांजराला पहिल्या वर्गाच्या एसीचा अख्खा कूपे तरी घ्यावा लागतो, नाहीतर गार्डाच्या डब्यातली पेटी. त्यात साताऱ्याचं स्टेशन गावाबाहेर माहुलीला. गाडीने पेठ नाक्यावरून कराड आणि सातारा, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, तीन तास धरा. निघण्याच्या चार तास आधी थोडं खायला द्या, पाणी शेवटपर्यंत असू दे. कॅरिअर पुढच्या सीटच्या मागे, खाली पायाशी घट्ट बसवा. मांडीवर नको आणि डिकीत नको. तळाशी बाळाच्या अंथरुणाखाली घालतात ती शोषून घेणारी शीट, वर पातळ ओढणी. वाटेत ढाब्यावर कॅरिअर उघडायचा नाही, दया आली तरी. तीन तास न पिता, न मुतता मांजर छान राहतं. मात्र तोंड उघडून धापा टाकायला लागला तर ते कुत्र्यासारखं 'गरम होतंय' म्हणून सोडून देऊ नका. मांजराने तोंडाने श्वास घेणं हे संकट आहे, एसी वाढवा आणि जवळच्या डॉक्टरांना फोन करा.

राजवाड्याच्या मागच्या पेठांतल्या गल्ल्यांत गाडी बऱ्याचदा वाड्याच्या दारापर्यंत जात नाही. शंभर-दोनशे पावलं चढ-उतार, हॉर्न, कुत्री. नेमकी इथेच मांजरं सुटतात, कारण माणूस कॅरिअर वरच्या मुठीला धरतो आणि मूठ क्लिपांतून निसटते. गाडीतून उतरण्यापूर्वी कॅरिअरच्या दाराला आणि दोन्ही अर्ध्या भागांना केबल टाय लावा आणि खालून दोन्ही हातांनी छातीशी धरून न्या. कात्री पर्समध्ये.

आधी एकाने खोली बघायची, हळद्या तोवर गाडीत, कुणीतरी सोबत. खोली बघताना गुडघ्यावर बसा आणि टॉर्च लावा. तुमची चार बोटं आडवी जिथे शिरतात तिथे हळद्याचं डोकं शिरतं, आणि डोकं गेलं की बाकीचा मागून जातोच. खिडकीचे गज पहिले बघा. जुन्या खिडक्यांत गजांमधलं अंतर बऱ्याचदा चार बोटांपेक्षा जास्त असतं, आणि एखादा गज खालच्या चौकटीत सैल झालेला असतो. हलवून बघा. बाहेरची जाळी असली तरी कोपरा दाबून बघा, गंजलेली जाळी मांजराच्या एका उडीत फाटते. घरून दोन मीटर नायलॉनची जाड जाळी आणि ३० सेंटिमीटरचे वीस-पंचवीस केबल टाय आणलेले असू देत. जाळी गजांनाच बांधा. शंभर वर्षांच्या सागवानी चौकटीत खिळा मारलात तर तुमचं डिपॉझिट गेलं आणि तेही रास्तच.

मग दार. दोन फळ्यांच्या जुन्या दाराला कडी-कोयंडा असतो, कडी लावली तरी मधे फट राहते आणि वाऱ्याने ती वाढते. आतून अडसर असेल तर तो घाला, नसेल तर खुर्ची टेकवा. उंबऱ्याखालची फट जुन्या टॉवेलने बंद. पलंगाखाली, कपाटामागे, देवळीच्या आत हात घालून बघा. मोरीचं भोक जाळीशिवाय असेल तर त्यावर वीट.

आणि आता या सगळ्यावरची युक्ती. वाड्यात बाथरूम नंतर बांधलेलं असतं, म्हणजे त्याला नवं, नीट मिटणारं दार असतं, वर स्लॅब असतो, तुळया नसतात. अख्ख्या वाड्यात तेवढीच एक जागा मांजराला पक्की बंद करणारी आहे. एग्झॉस्ट पंख्याची खिडकी मात्र बघा, पंखा काढून नुसतं भोक ठेवलेलं असतं कधीकधी. फरशी साध्या पाण्याने दोनदा धुऊन कोरडी करा, बादली रिकामी, कमोडचं झाकण खाली. एका टोकाला ट्रे, दुसऱ्या टोकाला खाणं-पाणी, मधे उघडा कॅरिअर. पहिले दोन-तीन तास हळद्या तिथेच. तो कॅरिअरमधून बाहेर आला नाही तरी ओढून काढू नका. खाल्लं किंवा अंग चाटायला लागला की मग खोली उघडा.

लिटर, म्हणजे ट्रेमधली माती, घरचंच न्या, ब्रँड बदलू नका. तीन रात्रींना चार किलो पुरेल, ट्रेमध्ये दोन बोटं खोल. वापरलेलं लिटर कमोडमध्ये टाकायचं नाही. त्यातलं बेंटोनाइट (गोळे धरणारी चिकणमाती) पाण्यात फुगतं, आणि वाड्याच्या जुन्या पाइपात ते सिमेंटसारखं बसतं. पिशवीत बांधून कचऱ्यात.

ट्रेमधले लघवीचे गोळे मोजा. चांगल्या मांजराचे दिवसाला दोन-तीन, लिंबाएवढे किंवा थोडे मोठे. पहिल्या रात्री एकही नसला तरी चालेल, घाबरलेली मांजरं धरून ठेवतात. पण तो पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जातोय, पाठ वाकवून बसतोय, शेपटीचं मूळ थरथरतंय, नंतर तिथे चाटत बसतोय, आणि लिटर कोरडंच आहे, असं दिसलं तर ते बद्धकोष्ठ नाही. बऱ्याच घरांत इथे एरंडेल पाजून रात्र घालवतात. लघवी तुंबली की रक्तात पोटॅशियम चढतं आणि दिवस-दीड दिवसात हृदय थांबू शकतं. तेव्हा त्याच तासाला डॉक्टर, मग हळद लागत असो की अक्षता पडत असोत. हे टाळायला त्याच्या पोटात पाणी जास्त गेलं पाहिजे. तीन दिवस कोरडे दाणे कमी, पाऊचचं ओलं जेवण जास्त, त्यातही दोन चमचे कोमट पाणी घालून. दूध नको, कंदी पेढा तर नकोच, पाहुणे हौसेने द्यायला जातील.

लग्नाच्या दिवशी तुम्ही आठ-दहा तास बाहेर. सकाळी खेळवून, जेवू घालून त्याला बाथरूममध्ये बंद करा, सफाई त्या दिवशी नकोच. दुपारी एकाने येऊन ट्रे आणि पाणी बघून जायचं, हे काम कुणाचं ते आदल्या रात्री ठरवा, मांडवात ठरवाल तर कुणाचंच राहणार नाही. ताशा-बँड हॉटेलवरून जाणार असेल तर त्या वेळी खोलीतला पंखा मोठा करून ठेवा, त्याच्या घरघरीत बाहेरचा आवाज थोडा बुडतो. आणि रात्री परतल्यावर गजरे उशाशी काढून ठेवू नका. मोगऱ्याच्या वासाला नव्हे, दोऱ्याला मांजर भुलतं. गिळलेला दोरा जिभेच्या मुळाशी अडकतो आणि आतडं त्यावर चुणीसारखं गोळा होतं. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, कापूही नका, थेट डॉक्टर. गजरे, जरीचे धागे, मुंडावळ्या सगळं झिपच्या पिशवीत.

राहिले तुमचे ओरखडे. मांजर झोपेतून उठल्यावर ताणून नखं मारतं, ते उभ्या आणि खरखरीत गोष्टीवर. काथ्याच्या पायपुसण्याचा सत्तर सेंटिमीटरचा तुकडा एका फळीवर घट्ट बांधा, घरी आठवडाभर त्यावर नखं मारू द्या आणि तीच फळी पलंगाच्या पायाला उभी टेकवा. निघण्याच्या आदल्या दिवशी नखांची टोकं कापा. कोरीव खुर्च्यांवर घरच्या चादरी. चिकटपट्टी लावू नका, चपडा (लाखेचं) पॉलिश तिच्यासोबत निघून येतं. सॅनिटायझर किंवा स्पिरिटचे बोळेही नकोत, चपडा स्पिरिटमध्येच विरघळतो, डाग पुसायला जाल आणि पॉलिश पुसाल. शहाबादी फरशीवर मुतला तर व्हिनेगर-लिंबू नको, आम्लाने शहाबादी पांढुरकी खवडते. टिपकागदाने शोषून घ्या, एन्झाइमचा क्लीनर ओता, पंधरा मिनिटं थांबा, मग पाणी. खोली ताब्यात घेताच पलंगाचे चारही पाय, कपाटाची दारं आणि दाराची चौकट यांचे फोटो काढून मालकांना पाठवा. वाड्याच्या फर्निचरवर आधीचे शंभर ओरखडे असतात, ते हळद्याच्या नावावर जायला नकोत.

एवढं करूनही निसटला, तर गल्लीत नावाने हाका मारत धावू नका. घरातलं मांजर सुटलं की पळत नाही, लपतं, आणि बहुतेक वेळा दोन-चार घरांच्या आतच सापडतं. आधी वाडाच धुंडाळा, आणि वर बघा. तुळया, जिन्याखालची जागा, बळद (धान्याची जुनी कोठी), परसातलं सरपण. रात्री एकनंतर, पेठ शांत झाली की टॉर्च डोळ्यांच्या पातळीवर धरून हळूहळू फिरवा, हिरवट चमक दिसेल. दिसला तरी धरायला झेपावू नका, खाली बसा आणि ओल्या जेवणाचं पाऊच चुरचुर वाजवून फोडा. उघडा कॅरिअर त्याच्या चादरीसकट दाराशी ठेवा. शेजारच्या वाड्यांच्या परसात जायची परवानगी मालकांकडून मिळवा, रात्री परक्या परसात टॉर्च फिरवलेली कुणाला आवडत नाही.

निघण्याच्या सकाळी सामान आवरायच्या आधी हळद्याला बाथरूममध्ये कॅरिअरमध्ये घाला आणि टाय लावा. सगळ्या बॅगा भरून झाल्यावर मांजर शोधायला गेलं की ते नेमकं कपाटावर चढलेलं असतं, आणि बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत असतो.